वर्डप्रेसवरचे लेख फेडिव्हर्समध्ये : ॲक्टिव्हिटीपब प्लगइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःच्या सर्व्हरवर वर्डप्रेस चालवणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. फेडिव्हर्स म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या स्वतंत्र सोशल मीडिया सर्व्हरांचे जाळे. प्लगइन बसवायला दोन मिनिटेही लागत नाहीत. पण डोमेन, हँडल (खात्याचा @ने सुरू होणारा पत्ता) आणि लेख कोणाच्या नावाने जाणार, या तीन गोष्टी बसवण्याआधीच पक्क्या करा. एकदा दुसऱ्यांच्या सर्व्हरवर तुमचे नाव नोंदले गेले की या तिन्हींत फेरफार करणे जड जाते. बाकी जे काही बिघडेल ते नंतर सावकाश दुरुस्त करता येते.

हे प्लगइन नेमके काय करते?

तुमच्या साइटला ते सोशल मीडियावरच्या खात्यासारखे वागायला लावते. मॅस्टोडॉन, पिक्सेलफेड, फ्रेंडिका यांसारख्या सेवांवरचे लोक त्यांच्याच ॲपमधून तुमच्या साइटला फॉलो करतात. तुम्ही लेख प्रसिद्ध केलात की तो त्यांच्या टाइमलाइनवर जातो आणि त्यांनी तिथे दिलेले उत्तर तुमच्याकडे प्रतिक्रिया म्हणून येते. या सगळ्या सेवा ॲक्टिव्हिटीपब नावाचा प्रोटोकॉल बोलतात. वेबचे मानदंड ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी 2018 मध्ये त्याला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. प्लगइन मथियास फेफर्ले यांनी सुरू केले. 2023 मध्ये वर्डप्रेस.कॉम चालवणाऱ्या ऑटोमॅटिक कंपनीने ते आपल्याकडे घेतले आणि त्याच वर्षी त्याची 1.0 आवृत्ती आली. ते मोफत आहे आणि वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगइन संग्रहात मिळते.

आरएसएस फीड आहेच की. मग हे कशाला?

फीड, म्हणजे नवे लेख वाचकाच्या ॲपपर्यंत नेणारी यादी, एकतर्फी असते. कोणी वाचले, कोणी पुढे पाठवले, कोणी काय म्हटले, यातले काहीच तुमच्यापर्यंत येत नाही. इथे संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. ज्यांना प्रतिक्रिया नकोच आहेत, फक्त लेख पोहोचवायचे आहेत, त्यांनी फीडवर समाधान मानावे असे माझे स्पष्ट मत आहे. या प्लगइनमागे थोडी देखभाल येते, ती फीडमागे येत नाही.

बसवण्याआधी काय तयार असायला हवे?

साइट एचटीटीपीएसवर चालत असली पाहिजे. आज साध्या एचटीटीपीवर सुरू करून उद्या प्रमाणपत्र बसवू, असे करू नका. पत्ता बदलला की दूरच्या सर्व्हरच्या दृष्टीने खातेच बदलते. त्याच कारणासाठी डोमेनच्या आधी 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावायचे की नाही, तेही आत्ताच ठरवा.

सेटिंग्ज → पर्मालिंक (लेखांच्या पत्त्यांची रचना) इथे 'साधा' सोडून दुसरा कोणताही प्रकार निवडा. पीएचपीमध्ये ओपनएसएसएल एक्स्टेन्शन चालू हवे, कारण प्रत्येक खात्यासाठी एक किल्ल्यांची जोडी तयार होते आणि बाहेर जाणारा प्रत्येक संदेश त्यातल्या खासगी किल्लीने सही होऊन जातो. सर्व्हरचे घड्याळही बरोबर असू द्या. सहीसोबत वेळ जाते आणि ती फारच मागेपुढे असली तर समोरचा सर्व्हर संदेश नाकारतो.

आणि मग बसवायचे कसे?

प्लगइन्स → नवीन जोडा, शोधात 'ॲक्टिव्हिटीपब' इंग्रजीत टाइप करा, स्थापित करा, सक्रिय करा. नंतर सेटिंग्ज → ॲक्टिव्हिटीपब उघडा. तिथे काही बदलण्याआधी पुढचे दोन प्रश्न वाचा.

हँडल कसे ठरते? मराठीत ठेवता येईल का?

हँडल @नाव@डोमेन अशा रूपात असते. लेखकाच्या खात्यासाठी 'नाव' हे त्याच्या वर्डप्रेस लॉगिनवरून येते. इथेच बरेच जण अडकतात. वर्षानुवर्षे 'ॲडमिन' या लॉगिनने काम चाललेले असते आणि प्लगइन सुरू करताच जगाला @ॲडमिन@डोमेन असे खाते दिसू लागते. ते दिसायला वाईट आहेच, शिवाय लॉगिनचे अर्धे गुपित आपणच उघड केल्यासारखे होते. वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमधून लॉगिन नाव बदलता येत नाही. त्यामुळे लेखनासाठी नव्या नावाचा वापरकर्ता तयार करा, त्याला 'लेखक' किंवा 'संपादक' ही भूमिका द्या आणि जुने लेख त्याच्या नावावर करून घ्या.

देवनागरी हँडल चालत नाही. मॅस्टोडॉनवर वापरकर्तानावात रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे एवढेच बसते. पण हँडलच्या वर दिसणारे नाव, परिचय आणि लेख खुशाल मराठीत ठेवा, त्यात काही अडचण येत नाही.

लेखकाचे खाते, साइटचे खाते, की दोन्ही?

साइटवर एकच माणूस लिहीत असेल तर एकच खाते पुरे. दोन्ही चालू ठेवली तर वाचक गोंधळतात आणि अर्धे इकडे, अर्धे तिकडे अशी विभागणी होते. बरेच लेखक असतील आणि ते येत-जात असतील, तर फक्त साइटचे खाते ठेवा. लेखक सोडून गेला तरी फॉलोअर साइटकडेच राहतात. 'दोन्ही' या पर्यायात लेख लेखकाच्या नावाने जातो आणि साइटचे खाते तो बूस्ट करते, म्हणजे आपल्या फॉलोअरना पुढे पाठवते. ज्या साइटवर लेखकांना स्वतःचा वाचकवर्ग आहे तिथे हे शोभते.

साइटच्या खात्याचे नाव तुम्ही न बदलल्यास ते डोमेनवरूनच घेतले जाते, म्हणजे @ च्या दोन्ही बाजूंना तेच नाव दिसते. नवे नाव द्यायचे असेल तर ते कोणत्याही वापरकर्त्याच्या लॉगिनशी जुळता कामा नये. आणि एकदा दिले की त्याला हात लावू नका. बाकीचे सर्व्हर जुने नाव धरून ठेवतात आणि खाते अर्धवट मोडल्यासारखे वागू लागते.

मॅस्टोडॉनवर हँडल शोधले, तर 'काही सापडले नाही' असे येते.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर एक नाही, पण तपासण्याचा क्रम ठरलेला आहे.

आधी टूल्स → साइट हेल्थ उघडा. प्लगइन तिथे स्वतःच्या चाचण्या जोडते. लेखकाचा पत्ता बाहेरून उघडतो का आणि वेबफिंगर उत्तर देतो का, हे तिथेच कळते. निम्म्या तक्रारी इथेच निकालात निघतात.

वेबफिंगर म्हणजे हँडलवरून खात्याचा खरा पत्ता सांगणारी सोय; 2013 मध्ये आरएफसी 7033 म्हणून ती प्रमाणित झाली. दूरचा सर्व्हर तुमच्या डोमेनच्या मुळाशी, '.वेल-नोन' या मार्गाखाली ही चौकशी करतो. हे नाव टिंबाने सुरू होते आणि खोडी नेमकी तिथेच आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या अनेक तयार कॉन्फिगरेशनमध्ये टिंबाने सुरू होणारे सगळे मार्ग सुरक्षेसाठी बंद केलेले असतात. काही ठिकाणी प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी '.वेल-नोन' उघडा असतो, पण तो थेट डिस्कवरच्या फोल्डरकडे वळवलेला असतो, त्यामुळे चौकशी वर्डप्रेसपर्यंत पोहोचतच नाही. दोन्ही बाबतींत 'वेबफिंगर' आणि 'नोडइन्फो' (साइटची माहिती सांगणारी तशीच सोय) हे दोन मार्ग वर्डप्रेसकडे जातील असा वेगळा नियम लिहावा लागतो.

तेही ठीक असेल तर सुरक्षेच्या प्लगइनकडे वळा. लॉगिन न केलेल्यांसाठी रेस्ट एपीआय (बाहेरच्या प्रोग्रामांनी वर्डप्रेसशी बोलायची वाट) बंद करणे ही त्यांची आवडती सूचना. या प्लगइनचा सगळा कारभार मात्र रेस्ट एपीआयवरच चालतो, म्हणून निदान त्याच्या मार्गाला सूट द्या. तसेच एसईओच्या प्लगइनमध्ये 'लेखक संग्रह बंद करा' असा पर्याय चालू असेल तर लेखकाचे पानच नाहीसे होते आणि पान नाही म्हणजे खातेही नाही.

शेवटी सीडीएन, म्हणजे तुमच्या साइटच्या पुढे उभी राहून पाने पुरवणारी सेवा. फेडिव्हर्सचे सर्व्हर ब्राउझर नसतात. 'तुम्ही माणूस आहात का' असे विचारणारे पान त्यांच्यासमोर आले की ते माघारी जातात.

वर्डप्रेस डोमेनच्या मुळाशी नाही, उपफोल्डरमध्ये आहे. चालेल?

चालेल, पण वेबफिंगरची चौकशी मुळाशीच येते. ती उपफोल्डरकडे वळवणारा नियम मुळाशी ठेवावा लागेल, अपाची वेब सर्व्हरवर '.एचटीॲक्सेस' फाइलमध्ये एका ओळीचे काम आहे. मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट) असेल तर प्रत्येक साइटला स्वतंत्र उपडोमेन असलेली रचना घ्या. उपफोल्डरांच्या मल्टिसाइटमध्ये एकाच डोमेनवर अनेक साइट हक्क सांगतात आणि ते निस्तरणे कटकटीचे होते.

फॉलो केले, पण 'विनंती पाठवली' यावरच अडकले आहे.

विनंती तुमच्या इनबॉक्समध्ये शिरू शकली नाही, किंवा 'मान्य' हे तुमचे उत्तर परत गेले नाही. पहिल्या कारणासाठी फायरवॉलच्या नोंदी पाहा. खाते वाचणे ही साधी 'गेट' विनंती असते आणि फॉलो ही 'पोस्ट' विनंती असते, त्यामुळे खाते दिसते पण फॉलो अडते असे होऊ शकते. दुसऱ्या कारणासाठी तुमचा होस्ट बाहेर जाणाऱ्या जोडण्या अडवतो का, ते विचारून घ्या.

खाते सापडले, फॉलोही झाले. पण आधीचा एकही लेख दिसत नाही.

दिसणार नाही. फॉलो केल्यानंतर प्रसिद्ध झालेलेच लेख त्या सर्व्हरवर पाठवले जातात. एखादा जुना लेख दाखवायचाच असेल तर त्याचा पत्ता मॅस्टोडॉनच्या शोधचौकटीत चिकटवा. लॉगिन केलेले असेल तर सर्व्हर तो लेख ओढून आणतो आणि मग तो बूस्ट करता येतो. सगळे जुने लेख एकदम रेटण्याची सोय शोधू नका. कोणाच्याही टाइमलाइनवर शंभर जुने लेख एकाच सकाळी ओतले तर फॉलोअर टिकत नाहीत.

नवा लेख टाकून दहा मिनिटे झाली. अजून गेला नाही.

थांबा. प्लगइन लेख प्रसिद्ध करतानाच सगळीकडे पाठवत बसत नाही, नाहीतर 'प्रसिद्ध करा' दाबल्यावर पान तासभर फिरत राहिले असते. पाठवण्याचे काम रांगेत टाकले जाते. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर स्वाभाविक समजा.

उशीर तासांवर गेला तर बहुधा डब्ल्यूपी-क्रॉनची गोष्ट आहे. वर्डप्रेसचे हे वेळापत्रक खऱ्या घड्याळावर चालत नाही. साइटला कोणी भेट दिली की ते जागे होते आणि कामे उरकते. वर्दळ कमी असली, किंवा सगळी पाने कॅशेमधूनच (आधी बनवून ठेवलेल्या प्रतींमधूनच) जात असली, तर ते झोपूनच राहते. उपाय सोपा आहे : 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइलमध्ये हे अंगभूत क्रॉन बंद करा आणि सर्व्हरच्या क्रॉनला दर पाच मिनिटांनी वर्डप्रेसची क्रॉन फाइल चालवायला सांगा. फक्त पहिला भाग करून दुसरा विसरलात, तर काहीच पाठवले जाणार नाही. ठरवून ठेवलेले लेखही वेळेवर प्रसिद्ध होणार नाहीत.

मॅस्टोडॉनवर पूर्ण लेखाऐवजी शीर्षक आणि लिंकच का दिसते?

ॲक्टिव्हिटीपबमध्ये मजकुराचे प्रकार असतात. शीर्षक असलेला मोठा मजकूर 'आर्टिकल' म्हणून जातो आणि छोटी टिपणी 'नोट' म्हणून. मॅस्टोडॉन मुळात नोटसाठी बांधलेला आहे, त्यामुळे आर्टिकल आले की तो पूर्ण मजकूर न दाखवता मूळ पानाची वाट दाखवतो. फ्रेंडिका तोच लेख पूर्ण उलगडून दाखवते.

सेटिंग्जमध्ये प्रकार 'नोट' करता येतो. तसे केल्यास मजकूर मॅस्टोडॉनवरही दिसतो. मॅस्टोडॉनची 500 अक्षरांची मर्यादा तिथे लिहिणाऱ्यांसाठी आहे, बाहेरून येणाऱ्या मजकुराला ती लागू होत नाही. तरीही मी हे सुचवणार नाही. दोन हजार शब्दांचा लेख नोट म्हणून आला की उपशीर्षके, तक्ते, मधली चित्रे यांची रया जाते. लांब लिहिणाऱ्यांनी आपोआप प्रकार निवडण्याचा मूळ पर्यायच राहू द्यावा आणि प्रत्येक लेखाचा उतारा हाताने लिहावा. तो न लिहिल्यास वर्डप्रेस लेखाच्या पहिल्या ओळी कापून घेते, आणि पहिल्या ओळी कापून घेण्याजोग्या क्वचितच असतात.

वाचकाने लेख उघडला, तर पानाऐवजी कंसांनी भरलेला कोड दिसला!

घाबरू नका, साइट हॅक झालेली नाही. एकाच पत्त्यावर दोन रूपे राहतात : ब्राउझरला एचटीएमएल मिळते आणि फेडिव्हर्सच्या सर्व्हरला जेसन, म्हणजे यंत्रांनी वाचायचे रूप. कोणाला काय द्यायचे ते विनंतीतल्या 'ॲक्सेप्ट' हेडरवरून ठरते. तुमचे कॅशे प्लगइन तो हेडर पाहत नसेल, तर पहिल्यांदा आलेल्याला जे दिले तेच जपून ठेवते आणि पुढच्या सगळ्यांना तेच वाढते. पहिला पाहुणा मॅस्टोडॉन असला तर तुमच्या वाचकाला जेसन दिसते. पहिला वाचक असला तर मॅस्टोडॉनला एचटीएमएल मिळते आणि त्याला लेख सापडतच नाही. दुसरा प्रकार जास्त त्रासदायक, कारण डोळ्यांना काहीच चुकीचे दिसत नाही.

प्लगइन 'व्हेरी' हेडर पाठवून कॅशेला सावध करू शकते. प्रगत सेटिंग्जमध्ये तो पर्याय चालू आहे ना ते पाहा. सगळीच कॅशे प्लगइन त्याला जुमानत नाहीत. न जुमानणाऱ्यासाठी, 'ॲक्सेप्ट'मध्ये जेसन मागणाऱ्या विनंत्या कॅशेला वळसा घालून जातील असा नियम त्या प्लगइनमध्ये किंवा वेब सर्व्हरमध्ये लिहा. सीडीएनवर पूर्ण पाने कॅशे होत असतील तर तिथेही तसाच नियम हवा. नियम लिहून झाला की आधीची कॅशे पूर्ण रिकामी करा. हे राहून जाते आणि मग 'उपाय चालला नाही' अशी समजूत होते.

खात्री करायची तर टर्मिनलवर कर्ल या विनंत्या पाठवणाऱ्या साधनाने एकाच पत्त्यावर दोन विनंत्या पाठवा, एक साधी आणि एक जेसन मागणारी. मग क्रम उलटा करून पुन्हा पाहा. चारही उत्तरे मागितल्याप्रमाणे आली तर कॅशे बिनचूक आहे.

मराठी शीर्षकाची लिंक मध्येच तुटलेली दिसते.

हा दोष या प्लगइनचा नाही. वर्डप्रेस लिंकसाठी शीर्षकावरून जो तुकडा बनवते त्याला डेटाबेसमध्ये 200 अक्षरांची जागा असते. देवनागरीतले एकेक चिन्ह टक्केवारीच्या रूपात लिहिले की नऊ जागा खाते, आणि काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हांत लिंक संपते. फेडिव्हर्समध्ये लिंकच पुढे जात असल्याने हे जास्त डोळ्यांवर येते. प्रसिद्ध करण्याआधी लिंकचा तुकडा हाताने लिहा, रोमन लिपीत किंवा दोन-तीन मराठी शब्दांत. जुन्या लेखांच्या लिंक बदलायला जाऊ नका.

टॅगचे काय होते?

लेखाचे टॅग हॅशटॅग बनून जातात. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा चालत नाही, म्हणून दोन शब्दांचा टॅग जोडून एक होतो. वाचता येईल असेच टॅग निवडा.

तिकडून आलेल्या प्रतिक्रिया कुठे दिसतात?

नेहमीच्या प्रतिक्रियांमध्ये. 'आधी मंजुरी हवी' असा नियम लावला असेल तर तो त्यांनाही लागू होतो, त्यामुळे डॅशबोर्ड बघत चला. लेखावर प्रतिक्रिया बंद असतील तर उत्तरे येणार नाहीत. तुम्ही लॉगिन करून दिलेले उत्तर परत मॅस्टोडॉनवर जाते. मात्र साइटवर नुसते नाव-ईमेल भरून लिहिणाऱ्या पाहुण्याची प्रतिक्रिया बाहेर जात नाही, आणि ते योग्यच आहे. त्याने तशी परवानगी दिलेली नसते.

एखादा लेख फक्त साइटवरच ठेवायचा असेल तर?

ब्लॉक एडिटरच्या बाजूच्या पट्टीत फेडिव्हर्सचा भाग असतो. त्यात त्या लेखाची दृश्यता बदला. 'पाठवू नका' असाही पर्याय आहे. तिथेच संवेदनशील मजकुराची सूचना लिहिता येते. प्रसिद्ध करण्याआधी हे करा.

लेखात दुरुस्ती केली किंवा तो काढून टाकला, तर?

अद्ययावत केल्यावर बदलाचा संदेश जातो, कचरापेटीत टाकल्यावर खोडण्याचा. चांगले सर्व्हर दोन्ही पाळतात. पण प्रत त्यांच्या डिस्कवर आहे आणि तुमच्या हातात फक्त विनंती आहे. तो सर्व्हर त्या वेळी बंद असेल तर जुनी प्रत तशीच राहू शकते. स्वल्पविरामासाठी दहा वेळा 'अद्ययावत करा' दाबण्यापेक्षा सगळ्या दुरुस्त्या एकत्र करा.

सर्व्हरवर ताण येतो का?

पाठवण्याचा फारसा नाही. एका सर्व्हरवर तुमचे कितीही फॉलोअर असोत, सामायिक इनबॉक्स असेल तर एकच प्रत जाते. ताण येतो तो उलट दिशेने. मोठ्या खात्याने लेख बूस्ट केला की शेकडो सर्व्हर लिंकची छोटी झलक बनवायला जवळपास एकाच वेळी तुमच्या दारात येतात. लहान सर्व्हर त्या क्षणी गुडघे टेकू शकतो. वर सांगितल्याप्रमाणे नीट बसवलेली कॅशे असेल तर ही लाट जाणवतही नाही, म्हणून कॅशेशी पटत नाही म्हणून ती बंद करून टाकणे हा उपाय नव्हे.

चाचणीसाठी साइटची प्रत बनवली आहे. तिथे हे प्लगइन चालू ठेवू का?

नको. डेटाबेसच्या प्रतीसोबत फॉलोअरची यादी आणि खासगी किल्ल्याही जातात. तिथे 'चाचणी लेख 3' प्रसिद्ध केला तर तो खऱ्या माणसांकडे पाठवण्याचा प्रयत्न होईल. प्रत बनवली की पहिले काम हे प्लगइन तिथे बंद करण्याचे.

मॅस्टोडॉनवर माझे आधीपासून खाते आहे. ते फॉलोअर इकडे आणता येतील?

येतील. वर्डप्रेसच्या प्रोफाइलमध्ये खात्याचे उपनाव म्हणून मॅस्टोडॉनचे हँडल नोंदवा, मग मॅस्टोडॉनच्या सेटिंग्जमधून खाते हलवा. फॉलोअर येतात, जुन्या पोस्ट तिथेच राहतात. एकदा हलवल्यावर मॅस्टोडॉन पुढचे 30 दिवस पुन्हा हलवू देत नाही. मला विचाराल तर गप्पांसाठी मॅस्टोडॉनचे खाते आणि लेखांसाठी साइट, असे दोन्ही ठेवणे जास्त सोयीचे पडते. वर्डप्रेस हे रोजच्या चार ओळींच्या देवाणघेवाणीचे ठिकाण नाही.

सगळे बंद करायचे असेल तर?

प्लगइन निष्क्रिय केले की नवे लेख जाणे थांबते. पण कोणालाही 'हे खाते आता नाही' असा संदेश जात नाही आणि आधी गेलेल्या प्रती जिथे आहेत तिथे राहतात. त्या काढायच्या असतील तर प्लगइन चालू असतानाच संबंधित लेख कचरापेटीत टाका, रांग रिकामी होऊ द्या आणि मग निष्क्रिय करा. लेख साइटवर हवेच असतील तर नंतर प्लगइन बंद असताना ते कचरापेटीतून परत आणता येतात. वर्डप्रेस कचरापेटी 30 दिवसांनी स्वतःहून रिकामी करते, तेवढे ध्यानात ठेवा.